गुठळी, विकर आणि धातूचा कण

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात नळदुर्ग येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. व्याख्याते : सहशिक्षक, बी. ए., बी. एड.)



रक्ताच्या रसायनाविषयी एका बी. ए., बी. एड. शिक्षकाने बोलावे का, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याला माझे उत्तर असे की, ज्या गोष्टीवर घरातल्या माणसाचा जीव अवलंबून असतो, ती गोष्ट सामान्य शिक्षकालाही समजली पाहिजे आणि पालकांच्या भाषेत सांगता आली पाहिजे. औषध देणे हा डॉक्टरांचा अधिकार आहे. जे ज्ञान आता पक्के झाले आहे तेवढेच मी आपल्यापुढे मांडणार आहे. माझा विषय आहे, रक्ताची गुठळी विरघळवणारी विकरे आणि त्यांच्या कामावर धातूंच्या आयनांचा होणारा परिणाम.

विकर आणि आयन

आपल्या घरांत कबाबाचे मटण मऊ व्हावे म्हणून त्याला कच्च्या पपईचा गर लावून ठेवतात. तासा-दोन तासांत मटण मऊ पडते. चूल पेटलेली नसते, आच लागलेली नसते, मग हे काम केले कोणी? पपईच्या चिकात पपेन नावाचा पदार्थ असतो. तो मांसातल्या प्रथिनांच्या लांब साखळ्या कापून त्यांचे तुकडे करतो. सजीवांच्या शरीरात तयार होणाऱ्या आणि स्वतः खर्ची न पडता अशी कामे झपाट्याने करून देणाऱ्या पदार्थाला विकर किंवा एंझाइम म्हणतात. पपेन ही एक प्रकारची कात्रीच आहे. मात्र प्रयोगशाळेत याच पपेनमध्ये पाऱ्याचा क्षार थोडासा मिसळला, तर कात्री चालेनाशी होते. पपेनच्या धारेवर गंधकाचा एक अणू असतो. पारा त्याला घट्ट चिकटून बसतो आणि धार झाकली जाते.

आता आयन म्हणजे काय ते पाहू. लोखंडाचा खिळा, तांब्याची घागर, जस्ताचा पत्रा हे धातू आपल्या परिचयाचे आहेत. हेच धातू क्षारांच्या रूपाने पाण्यात विरघळले की त्यांचे अणू विद्युतभार घेऊन सुटे फिरू लागतात. या भारित कणांना आयन म्हणतात. आपल्या काळ्या पाषाणातल्या कित्येक विहिरींच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. त्याला कारण त्या पाण्यातले कॅल्शियमचे आणि मॅग्नेशियमचे आयन.

धातूचा आयन विकराशी तीन तऱ्हांनी वागतो. पहिली तऱ्हा अशी की, आयन हाच कात्रीच्या धारेचा भाग असतो. तो काढला की कात्री बोथट होते. दुसऱ्या तऱ्हेत आयन धारेवर नसतो, पण कात्रीच्या खिळ्याप्रमाणे विकराचा आकार धरून ठेवतो. तिसऱ्या तऱ्हेत परका आयन येऊन धार झाकतो आणि काम बंद पाडतो. या तीन तऱ्हा लक्षात ठेवाव्यात. पुढचे सारे विवेचन त्यांच्याच आधाराने करावयाचे आहे.

बंधारा बांधणारे कॅल्शियम

आपल्या किल्ल्यातला पाणीमहाल आपण सर्वांनी पाहिला आहे. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, इ. स. १६१३ मध्ये, बोरी नदीवर हा बंधारा उभा राहिला. त्या कारागिरांनी पाणी अडवले, आणि जादा पाण्याला वाट हवी म्हणून सांडवेही ठेवले. पावसाळ्यात नर-मादी कोसळतात त्या याच सांडव्यांवरून. नुसता बंधारा बांधून भागत नाही, पाणी सोडण्याची सोयही बांधणाऱ्यालाच करावी लागते.

शरीराचेही तसेच आहे. बोट कापले की रक्त वाहते आणि काही मिनिटांत साकळते. जखमेपाशी प्रथम रक्तबिंबिका गोळा होतात. मग रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेन या प्रथिनापासून फायब्रिनचे तंतू बनतात, त्यांचे जाळे विणले जाते आणि त्या जाळ्यात रक्तपेशी अडकून गुठळी होते. या कामात एकामागून एक अनेक घटक जागे होतात. शास्त्रज्ञांनी त्यांना क्रमांक दिले आहेत आणि त्यांतला चौथा घटक म्हणजे कॅल्शियमचा आयन. तो नसेल तर साखळी मध्येच तुटते. तेरावा घटक फायब्रिनच्या धाग्यांना आडवे टाके घालतो, त्यालाही कॅल्शियम लागते. असे टाके पडलेली गुठळी सहजासहजी विरघळत नाही.

याचा पुरावा कोणत्याही दवाखान्यात पाहावयास मिळतो. रक्त तपासणीच्या नळ्यांची टोपणे वेगवेगळ्या रंगांची असतात. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए हे द्रव्य असते, निळ्या टोपणाच्या नळीत सायट्रेट. दोन्ही द्रव्ये रक्तातले कॅल्शियम पकडून ठेवतात, म्हणून त्या नळ्यांत रक्त पातळ राहते. रक्तदानाच्या पिशवीतही सायट्रेट असते ते याचसाठी.

सांडवा उघडणारी विकरे

जखम भरत आली की गुठळीचे काम संपते. मग ती विरघळवण्यासाठी शरीर प्लाझ्मिन नावाचे विकर वापरते. प्लाझ्मिन फायब्रिनचे तंतू कापते. मात्र ते रक्तात तयार स्वरूपात फिरत नाही. प्लाझ्मिनोजेन या निद्रिस्त रूपात ते असते आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून येणारा टीपीए नावाचा प्रवर्तक त्याला गुठळीवरच जागे करतो. प्लाझ्मिन आणि टीपीए या दोन्ही कात्र्यांच्या धारेवर धातू नाही. तरी धातूंचा त्यांच्या कामाशी संबंध येतो. रक्तबिंबिकांच्या पोटात जस्ताचा साठा असतो आणि जखमेपाशी त्या जाग्या झाल्या की ते जस्त बाहेर पडते. जस्तामुळे प्लाझ्मिनोजेन जागे होण्याचे आणि फायब्रिन कापले जाण्याचे काम मंदावते, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले आहे. यात शरीराची सोयच दिसते. जखम ओली असताना बंधारा फुटता कामा नये.

ही गुठळी विरघळवण्याची युक्ती माणसाच्या हाती आली तीही एका धातूच्या आयनामुळे. १९३३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे विल्यम टिलेट हे शास्त्रज्ञ स्ट्रेप्टोकॉकस जंतूंवर प्रयोग करीत होते. हे जंतू फायब्रिनोजेन शोषून घेतात, तेव्हा ते मिसळलेले रक्तद्रव साकळणार नाही, असा त्यांचा तर्क होता. पडताळा पाहण्यासाठी त्यांनी नळ्यांत कॅल्शियम घातले. सगळ्या नळ्यांतले द्रव साकळले आणि तर्क चुकला. नळ्या फेकून देण्यापूर्वी त्यांनी सहज पुन्हा पाहिले, तर जंतू असलेल्या नळ्यांतली गुठळी पुन्हा पातळ झाली होती! जंतूंनी सोडलेल्या त्या द्रव्याला पुढे स्ट्रेप्टोकायनेज हे नाव मिळाले. ते स्वतः फायब्रिन कापत नाही. प्लाझ्मिनोजेनशी जोडी जमवून त्याला कामाला लावते.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकली की हृदयविकाराचा झटका येतो. अशा रुग्णांवर स्ट्रेप्टोकायनेजचा मोठा प्रयोग इटलीत झाला आणि त्याचे निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाले. त्यात ११ हजारांहून अधिक रुग्ण होते. औषध न दिलेल्यांत एकवीस दिवसांत शेकडा १३ दगावले, दिलेल्यांत शेकडा १०.७. पण ज्यांना दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्या तासात औषध मिळाले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. औषध तेच, मात्राही तीच. फरक वेळेने केला. आज या वर्गातली टेनेक्टेप्लेजसारखी नवी औषधे आपल्या पुण्यातही तयार होतात. पण छातीत दुखू लागल्यावर 'पित्त झाले असेल, सकाळी पाहू' म्हणत रात्र काढणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही.

फुरशाच्या विषातले जस्त

आता मी ज्या विकरांकडे वळतो, त्यांचा आपल्या शेतकरी आणि मेंढपाळ बांधवांशी थेट संबंध आहे. फुरसे आणि घोणस हे महाराष्ट्रातले दोन जहाल विषारी साप रक्तावर हल्ला करतात. त्यांच्या विषात प्रथिने कापणारी अनेक विकरे असतात आणि त्यांतला एक मोठा वर्ग धातूवर चालणारा आहे. त्या कात्रीच्या धारेवर जस्ताचा एक आयन तीन हिस्टिडिन गटांनी धरून ठेवलेला असतो. मघाशी सांगितलेली ही पहिली तऱ्हा. परीक्षानळीत ईडीटीए घालून ते जस्त काढून घेतले की कात्री निकामी होते.

फुरशाच्या विषातले एक जस्तयुक्त विकर रक्तातल्या प्रोथ्रोम्बिनला थेट जागे करते. त्यासाठी त्याला कॅल्शियमची गरजही पडत नाही. घोणशीचे विष साखळीतल्या दहाव्या घटकाला जागे करते, पण त्याला मात्र कॅल्शियम लागते. वाटा दोन, मुक्काम एकच. रक्तवाहिन्यांत जागोजागी बारीक बारीक गुठळ्या होऊ लागतात आणि त्यात फायब्रिनोजेनचा साठा संपून जातो. विषातली काही विकरे फायब्रिनोजेन आणि फायब्रिन दोन्ही कापतात. शिवाय त्या गुठळ्या काढण्यासाठी शरीराचे स्वतःचे प्लाझ्मिनही धावून येते. शेवटी रक्त साकळण्याची शक्तीच गमावते. मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमांतून रक्त येऊ लागते. बंधारा बांधण्याचे सामान संपले आणि सांडवे मात्र सताड उघडे, अशी अवस्था होते.

ही अवस्था ओळखण्याची एक साधी परीक्षा आहे. शिरेतून दोन-तीन मिलिलिटर ताजे रक्त कोऱ्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात आणि नळी न हलवता वीस मिनिटे ठेवतात. मग एकदाच तिरपी करतात. रक्त पातळच राहिले, तर विष रक्तात भिनले असे समजून प्रतिविष देतात. नळी काचेचीच लागते, कारण प्लॅस्टिकच्या नळीने निकाल चुकतो. साबणाचा अंश राहिलेली नळीही चालत नाही. ही परीक्षा लहानशा दवाखान्यातही होऊ शकते. मात्र नाग आणि मण्यार यांचे विष मुख्यतः मज्जातंतूंवर चालते. तेथे रक्त नीट साकळते आणि तरीही रुग्णाच्या पापण्या जड होतात, श्वास अडतो. म्हणून परीक्षा चांगली आली तरी रुग्णाला घरी आणू नये.

प्रतिविष विषातले जस्त काढत नाही. घोड्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे विषातल्या विकरांना घेरून त्यांचे काम बंद पाडतात. मुंबईत परळ येथील ज्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचे नाव मिळाले, तिच्याशी महाराष्ट्रातल्या या कामाची मोठी परंपरा जोडलेली आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच मिश्र प्रतिविष चालते. ते दिल्यानंतर यकृत नवे फायब्रिनोजेन बनवू लागते. त्याला सहाएक तास लागतात, म्हणून रक्ताची परीक्षा सहा तासांनी पुन्हा करतात.

जस्त काढून विष निकामी करण्याची कल्पना पुस्तकातच राहिलेली नाही. पारा, आर्सेनिक यांसारख्या विषबाधेवर युनिथिऑल नावाचे धातू पकडणारे औषध पूर्वीपासून वापरात आहे. ते फुरशाच्या विषापासून उंदरांना संरक्षण देते, असे इंग्लंडमधील लिव्हरपूल येथील संशोधकांनी २०२० साली दाखवले. उंदरांवरचे यश म्हणजे माणसावरचा उपचार नव्हे. आज उपचार प्रतिविषाचाच. पण तोंडाने घेता येणारे असे औषध उद्या माणसांसाठीही सिद्ध झाले, तर दवाखान्यापासून दूर असलेल्या वाडी-तांड्याला रुग्णालयात पोहोचेपर्यंत आधार मिळेल.

उलट दिशेनेही प्रयत्न झाले. अमेरिकेतल्या एका सापाच्या विषातले फायब्रोलेज हे जस्तयुक्त विकर फायब्रिन सरळ कापते. त्यावरून अल्फिमेप्रेज हे औषध बनवून रक्तवाहिन्यांतल्या गुठळ्यांवर वापरून पाहिले. परीक्षानळीत ते उत्तम चालले, पण माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत २००६ साली अपेक्षित यश आले नाही. आपल्या रक्तात अशा विकरांना गिळून टाकणारे एक मोठे प्रथिन आधीच हजर असते. नळीतला विजय आणि देहातला विजय यांत एवढे अंतर असते.

बाजारातील दावे

हेच अंतर लक्षात ठेवून बाजारातल्या दाव्यांकडे पाहावे. जपानमध्ये आंबवलेल्या सोयाबीनचा नात्तो नावाचा पदार्थ खातात. त्यातले नात्तोकायनेज हे विकर फायब्रिन कापते, हे हिरोयुकी सुमी यांनी १९८७ साली प्रसिद्ध केले. या कुळातल्या विकरांचा आकार कॅल्शियम धरून ठेवते, ही मघाची दुसरी तऱ्हा. त्यानंतर माती, मासे, आंबवलेले पदार्थ यांतल्या जीवाणूंपासून अशी कितीतरी विकरे मिळाली. एकाला मँगॅनीजने बळ येते, दुसऱ्याचे काम जस्ताने मंदावते, तिसऱ्याला तांबे सोसत नाही, पारा तर बहुतेकांना मारक ठरतो. ईडीटीएने थांबले तर विकर धातूवर चालणारे असावे, असा पहिला अंदाज संशोधक यावरूनच बांधतात.

पण नळीतल्या या निकालावरून 'तांब्याच्या घागरीतले पाणी प्या, हृदयातली गुठळी विरघळेल' किंवा 'जस्ताच्या गोळ्या घ्या, रक्त शुद्ध होईल' असे कोणी सांगू लागला, तर त्याला आधार नाही. शरीर आपल्या रक्तातले धातू तोलून ठेवते. शंभर मिलिलिटर रक्तद्रवात कॅल्शियम साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅमच्या आसपास राहते. विहिरीचे पाणी कितीही जड असले तरी गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हा तोल सहसा ढळू देत नाहीत. नात्तोकायनेजची गोळी ही हृदयविकाराच्या झटक्यावरचा उपचार नव्हे. शिवाय जो आधीच रक्त पातळ करणारी औषधे घेतो, त्याने अशी गोळी डॉक्टरांना न विचारता घेणे धोक्याचे आहे.

जस्त रक्तबिंबिकेत राखण करते, फुरशाच्या दातात घात करते आणि पिकाला कमी पडले तर पान पिवळे पडते. म्हणून अमुक धातू चांगला, तमुक वाईट, असे सरसकट बोलणे अज्ञानाचे आहे. किती, कोठे आणि कोणत्या विकरापाशी, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज धातूविषयी काहीच सांगता येत नाही.

आपले कर्तव्य

मित्रहो, भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मृत्यू पावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. त्यांत बहुसंख्य खेड्यांतली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश उपेक्षित आजारांच्या यादीत केला. ज्या आजाराची परीक्षा काचेच्या एका नळीत होते आणि ज्यावर औषध उपलब्ध आहे, त्याने एवढी माणसे जावीत, हे दुःखद आहे.

तेव्हा काही गोष्टी घराघरांत पोहोचाव्यात. साप चावल्यावर दोरीने अवयव आवळू नये. जखमेवर पाते चालवू नये आणि तोंडाने विष ओढू नये. ज्याचे रक्त साकळणे बंद होणार आहे, त्याच्या अंगावर पात्याने नवी जखम करणे किती घातक आहे, हे आता वेगळे सांगावयास नको. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढावीत. हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा, रुग्णाला चालवू नये, धीर द्यावा आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. किती वाजता चावले ते लक्षात ठेवावे. साप मारून आणण्यात वेळ घालवू नये. आपल्या श्रद्धेप्रमाणे दुआ करावी, प्रार्थना करावी, पण ती गाडीत बसून करावी. मंत्र-तंत्रासाठी गेलेला तास परत मिळत नाही. छातीत दुखून घाम फुटला, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे सरकले, तरी हाच नियम. आपले गाव सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे, मोठी रुग्णालये सोलापुरात आहेत. रस्ता आहे, गाडी आहे. निघण्याचा निर्णय तेवढा लवकर झाला पाहिजे.

संस्थेपुढे मी दोन नम्र सूचना ठेवतो. पहिली, प्रत्येक वर्गात या सूचनांचा मोठ्या अक्षरांतला तक्ता लावावा आणि तो मुलांनी घरी जाऊन आई-वडिलांना समजावून सांगावा. दुसरी, शाळेच्या प्रयोगशाळेत पपईचा चीक, दूध, अंड्याचा पांढरा बलक अशा स्वस्त वस्तूंवर विकरांचे प्रयोग सुरू करावेत. त्यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. ज्या मुलीने पपेनची करामत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, ती उद्या परिचारिका, तंत्रज्ञ किंवा डॉक्टर होऊन आपल्याच तालुक्यातल्या दवाखान्यात ती काचेची नळी हातात धरून वीस मिनिटे मोजील. आपल्या वर्गणीचे चीज व्हायचे ते तेथेच.